चहाच्या पेल्यातले दोन रेणू

वाशीच्या घाऊक भाजीबाजारात दिवस रात्रीच उगवतो. १९९६ साली हा बाजार मुंबईतून इथे आला. तेव्हापासून नाशिक, पुणे, सातारा या बाजूंचे ट्रक रात्रीच इथे येऊन लागतात, माथाडी कामगार पोती उतरवू लागतात आणि त्यांच्यामधून चहाच्या किटल्या फिरू लागतात. तिकडे ऐरोलीला अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे चालणाऱ्या कचेऱ्यांमध्ये त्याच वेळी चहा-कॉफीच्या यंत्रापुढे रांग असते. आणि परीक्षांचे दिवस असले तर नेरूळ, खारघर, कोपरखैरणे इथल्या इमारतींमध्ये काही खिडक्यांत उशिरापर्यंत दिवा दिसतो. त्या टेबलावरही बहुधा चहाचा कप असतो.

अलीकडे या तिसऱ्या गटातल्या काही मुलांच्या टेबलावर आणखी एक वस्तू येऊ लागली आहे. कॅफीन आणि एल-थिअ‍ॅनिन यांची एकत्र गोळी. घरबसल्या मागवता येते. पाकिटावर एकाग्रतेची ग्वाही असते आणि जोडीला एक वाक्य हमखास असते : हे दोन्ही घटक चहात निसर्गतःच असतात. बारावीच्या वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी मग विचारतोच, "सर, दोन्ही चहात आहेत, तर चहा प्यायला काय आणि गोळी घेतली काय, एकच ना?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर द्यायला थोडे रसायनशास्त्र, थोडे शरीरशास्त्र आणि सहावीच्या गणितातले गुणोत्तर-प्रमाण लागते. यातले गुणोत्तर सर्वांत महत्त्वाचे, हे पुढे दिसेलच.

दोघांची ओळख

कॅफीनचा शोध जुना आहे. रुंगे नावाच्या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाला महाकवी गटे यांनी कॉफीच्या बिया दिल्या आणि यांत काय आहे ते पाहा म्हणून सुचवले. १८१९ साली रुंगेने त्यांतून एक पांढरा, कडू, स्फटिकी पदार्थ वेगळा काढला. १८२७ मध्ये चहातूनही तसाच एक पदार्थ मिळाला, त्याला 'थेइन' असे वेगळे नाव देण्यात आले. पुढच्या दहा-अकरा वर्षांत दोन्ही पदार्थ एकच आहेत हे सिद्ध झाले आणि थेइन हे नाव मागे पडले. कॅफीनच्या रेणूत कार्बनचे ८, हायड्रोजनचे १०, नायट्रोजनचे ४ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. झाड हे द्रव्य आपल्यासाठी करत नाही. पाने खाणाऱ्या किडींना ते विषारी असते.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कॅफीन प्रत्यक्ष दाखवता येते. चिनी मातीच्या छोट्या वाटीत चमचाभर कोरडी चहापूड घ्यावी, वर थंड पाणी भरलेली काचेची बशी ठेवावी आणि अगदी मंद आचेवर तापवावे. साधारण १७८ अंश सेल्सियसला कॅफीनचे संप्लवन होते, म्हणजे ते न वितळता थेट वाफ बनते. बशीच्या तळाला चिकटलेले सुईसारखे बारीक स्फटिक भिंगातून पाहावेत. आच वाढली तर पूड करपते आणि बशीला नुसते तेलकट काजळ धरते. स्फटिक कोणीही चाखू नयेत, हे वर्गाला आधीच बजावावे.

थिअ‍ॅनिनची ओळख त्या मानाने अलीकडची. जपानमध्ये १९४९-५० च्या सुमारास याजिरो साकातो यांनी 'ग्योकुरो' या उंची हिरव्या चहातून ते वेगळे केले. हे एक अमिनो आम्ल आहे, पण आपल्या शरीरातली प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात त्यांत ते नाही. चहाचे झुडूप ते मुळांमध्ये तयार करते. ग्लुटामिक आम्लाला इथिलअमाईन जोडले की थिअ‍ॅनिन तयार होते. मग ते वर पानांत चढते. नायट्रोजन साठवण्याची ही झाडाची पद्धत आहे. पानावर ऊन पडले की थिअ‍ॅनिन मोडते आणि त्याचा काही भाग कॅटेचिन या तुरट पदार्थांच्या कामी येतो. म्हणून ग्योकुरो चहाच्या झुडपांवर तोडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे आच्छादन घालून सावली करतात. सावलीतल्या पानांत थिअ‍ॅनिन टिकून राहते आणि चहाला एक वेगळी, रश्श्यासारखी भरीव चव येते. नावातला 'एल' हा रेणूच्या रचनेची दिशा सांगतो. उजव्या आणि डाव्या हाताचे मोजे सारखे दिसले तरी एकाचा दुसऱ्याला बसत नाही, तसेच या रेणूंचे आहे.

चहापत्तीच्या कोरड्या वजनात कॅफीन साधारण २ ते ४ टक्के आणि थिअ‍ॅनिन १ ते २ टक्के असते. काळ्या चहात थिअ‍ॅनिन बहुधा यातल्या खालच्या टोकाला किंवा त्याहून कमी भरते. हे आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत.

रुमाल टाकून धरलेली जागा

कॅफीन ऊर्जा देते, असे मुले सर्रास म्हणतात. कॅफीनपासून शरीराला ऊर्जा अशी मिळत नाही. ते जे करते ते वेगळेच आहे.

आपण जागे असताना मेंदूच्या पेशी काम करतात, त्यांचे ए.टी.पी. हे इंधन खर्ची पडते आणि अडेनोसिन नावाचा रेणू साचत जातो. चेतापेशींच्या आवरणावर अडेनोसिनसाठी ठरलेल्या जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. अडेनोसिन तिथे जाऊन बसले की चेतापेशीचे काम मंदावते आणि आपल्याला पेंग येऊ लागते. दिवसभराच्या कामाचा तो हिशेबच आहे म्हणा ना.

आता एस.टी. स्टँड डोळ्यांपुढे आणा. गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. सीट अडते, पण तिथे माणूस नसतो. कॅफीनचा रेणू आकाराने अडेनोसिनशी इतका मिळताजुळता आहे की तो त्याच ग्राहीवर जाऊन बसतो. मात्र पेशीला 'मंद हो' हा निरोप तो देत नाही. जागा अडली, काम काही झाले नाही. अडेनोसिनचे प्रवासी दोन सीटांच्या मधल्या वाटेत उभेच राहतात आणि त्यांची गर्दी वाढत जाते. कॅफीन ओसरले की सगळे एकदम बसून घेतात. दुपारी चारचा चहा चुकला की पाच वाजता जी मरगळ येते, तिच्यामागे हेच असते. ही उपमा इथपर्यंतच ताणावी. एस.टी.तला रुमाल कोणीतरी उचलतो, कॅफीनचे मात्र यकृतात हळूहळू विघटन होते.

रोज कॅफीन घेणाऱ्याच्या मेंदूत ग्राहींची संख्या वाढते, जणू गाडीला जादा बाक जोडले जातात. मग तेवढ्याच चहाने पूर्वीइतकी तरतरी येत नाही. आणि चहा अचानक बंद केला तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते. आपल्याकडे उपवासालाही चहा चालतो, म्हणून हा अनुभव थोड्यांनाच येतो, पण निर्जळी एकादशीला किंवा रमजानच्या पहिल्या काही दिवसांत डोके का ठणकते, त्याचे एक कारण इथे आहे.

यातून संशोधकांपुढे एक पेच उभा राहिला. सकाळच्या चहाने हुशारी वाटते ती चहाने दिलेली, की रात्रभर चहा न मिळाल्याने आलेली मरगळ फक्त गेली? ब्रिस्टल विद्यापीठातील पीटर रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, रोज कॅफीन घेणारे लोक कॅफीन घेतल्यावर जेवढे तरतरीत होतात, जवळजवळ तेवढेच तरतरीत कॅफीन न घेणारे लोक मुळातच असतात. चहाबाजांना हे ऐकवत नाही. (शिक्षकांच्या खोलीत तर मुळीच नाही.)

थिअ‍ॅनिन काय करते

थिअ‍ॅनिनचे चित्र इतके स्वच्छ नाही. पोटात गेल्यावर सुमारे तासाभरात रक्तातले त्याचे प्रमाण सर्वांत जास्त होते आणि ते कॅफीनपेक्षा लवकर ओसरते. रक्तातली वाटेल ती गोष्ट मेंदूत शिरू नये म्हणून मध्ये एक अडसर असतो. ल्यूसिनसारख्या अमिनो आम्लांना आत नेणारी जी वाट आहे, तिनेच थिअ‍ॅनिन मेंदूत पोचते. तिथे त्याचे ग्लुटामेटशी साम्य कामी येते. ग्लुटामेट हा मेंदूतला प्रमुख उत्तेजक निरोप्या. त्याच्या ग्राहींवर थिअ‍ॅनिनही बसू शकते, पण फार सैलपणे.

१९९९ साली जपानमध्ये काम करणारे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ लेखराज जुनेजा आणि सहकाऱ्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. ५० ते २०० मिलिग्रॅम थिअ‍ॅनिन दिल्यानंतर सुमारे ४० मिनिटांत स्वयंसेवकांच्या मेंदूच्या विद्युत् आलेखात अल्फा लहरी वाढलेल्या त्यांना आढळल्या. या सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या लहरी. माणूस जागा पण निवांत असतो तेव्हा त्या ठळक दिसतात. झोपेची पेंग आणणाऱ्या लहरी यांहून संथ असतात. तेव्हापासून 'पेंग न आणता शांत करणारे द्रव्य' अशी थिअ‍ॅनिनची ख्याती झाली आणि एक कल्पना पुढे आली : कॅफीनने जागे राहावे आणि त्याच्यासोबत येणारी धडधड, हाताची थरथर थिअ‍ॅनिनने आवरावी.

कल्पना ऐकायला सुंदर आहे. प्रयोग काय म्हणतात?

२००८ साली इंग्लंडमध्ये झालेल्या एका प्रयोगात २७ जणांना कधी ५० मिलिग्रॅम कॅफीन एकटे, तर कधी त्यासोबत १०० मिलिग्रॅम थिअ‍ॅनिन दिले. जोडीने घेतल्यावर तासाभराने, एका कामावरून दुसऱ्या कामावर लक्ष वळवण्याच्या चाचणीत वेग आणि अचूकता दोन्ही सुधारली, आणि लक्ष विचलित करणाऱ्या मजकुराचा त्रास कमी झाला. २०१० साली नेदरलँड्समध्ये ४४ तरुणांवर ९७ मिलिग्रॅम थिअ‍ॅनिन आणि ४० मिलिग्रॅम कॅफीन वापरून केलेल्या प्रयोगातही अचूकता वाढली. आपल्या शेजारी श्रीलंकेत, पेरादेनिया विद्यापीठात २० निरोगी पुरुषांवर २०० मिलिग्रॅम थिअ‍ॅनिन आणि १६० मिलिग्रॅम कॅफीन वापरून लक्ष देण्याच्या क्षमतेचा अभ्यास झाला (२०१७), त्याचाही कौल जोडीच्या बाजूने आहे.

आता दुसरी बाजू. २००८ सालच्याच एका प्रयोगात २४ जणांना २५० मिलिग्रॅम थिअ‍ॅनिन एकटे दिले, तेव्हा १०० मधून सात-सात वजा करत जाण्यासारख्या कामात त्यांचा वेग उलट कमी झाला आणि डोके दुखत असल्याची नोंद वाढली. वर आलेले रॉजर्स यांनी त्याच वर्षी थिअ‍ॅनिनचीही परीक्षा घेतली. कॅफीनमुळे वाढणारा रक्तदाब थिअ‍ॅनिनने आटोक्यात राहिला, पण अस्वस्थपणा आणि तरतरी यांवर त्याचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे ज्या धडधडीच्या नावाने गोळी विकली जाते तिथेच पुरावा लंगडा आहे.

मुलांना हे आकडे दाखवताना तीन गोष्टींकडे लक्ष वेधावे. प्रयोगात माणसे वीस, सत्तावीस, चव्वेचाळीस. म्हणजे एका तुकडीच्या पटाएवढीही नाहीत. मोजलेले फरक मिलिसेकंदांचे किंवा शंभरातल्या थोड्याशा जास्त बरोबर उत्तरांचे. आणि तेही गोळी घेतल्यापासून तास-दोन तासांतले. वर्षभर गोळी घेऊन कोणाचे गुण वाढले का, हे यांतल्या एकाही प्रयोगात पाहिलेले नाही. शिवाय यांतल्या काही प्रयोगांत चहा विकणाऱ्या कंपनीचे संशोधक सहभागी होते. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण वाचताना ते माहीत असावे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली सगळे कागद तपासून कॅफीनचा दावा मान्य केला : ७५ मिलिग्रॅमपासून पुढे त्याने सावधपणा वाढतो. थिअ‍ॅनिनचा आकलनशक्तीबद्दलचा दावा मात्र पुरेसा सिद्ध झालेला नाही, असा शेरा दिला.

माझे मत विचाराल तर असे : जोडीचा थोडा परिणाम असावा, तो खरा असावा, आणि तो इतका लहान आहे की प्रयोगशाळेबाहेर तो एका गाढ झोपेपुढे दिसणारही नाही.

गुणोत्तर उलटे

आता फळ्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांकडे येऊ. घरी एका कपाला साधारण २ ग्रॅम चहापूड पडते असे धरू. २ टक्क्यांनी कॅफीन झाले ४० मिलिग्रॅम, ३ टक्क्यांनी ६०. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिलेला आकडा याच्याशी जुळतो : एका चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम. थिअ‍ॅनिन १ टक्का धरले तर २० मिलिग्रॅम. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळे चहा प्रत्यक्ष करून मोजले, तेव्हा काळ्या चहाच्या २०० मिलिलिटरच्या कपात सरासरी २४ मिलिग्रॅम थिअ‍ॅनिन निघाले. गंमत म्हणजे हिरव्या चहाच्या कपात फक्त ८ च्या आसपास. 'हिरवा म्हणजे गुणकारी' असे धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पान, पाण्याचे तापमान आणि वेळ यांवर बरेच अवलंबून असते. थोडे दूध घातल्याने फरक पडला नाही, जास्त दुधाने थोडा पडला.

आपल्या कपात म्हणजे साधारण दोन भाग कॅफीनला एक भाग थिअ‍ॅनिन. प्रयोगांत काय होते? १०० थिअ‍ॅनिनला ५० कॅफीन. ९७ ला ४०. म्हणजे एक भाग कॅफीनला दोन किंवा अधिक भाग थिअ‍ॅनिन. गुणोत्तर नेमके उलटे आहे.

इथे वर्गाला एक गणित घालावे. प्रयोगाइतके, म्हणजे १०० मिलिग्रॅम थिअ‍ॅनिन फक्त चहातून मिळवायचे, तर किती कप लागतील आणि त्यांतून कॅफीन किती जाईल? चार मोठे कप, आणि कपाला ५० मिलिग्रॅम धरले तर २०० मिलिग्रॅम कॅफीन. टपरीवरच्या कटिंगने हे करायचे तर कपांची संख्या दुप्पट-तिप्पट. शिवाय साखर. तेव्हा त्या विद्यार्थ्याला उत्तर असे देता येईल : चहात दोन्ही आहेत हे खरे, पण गोळीतले प्रमाण चहातले नाही, म्हणून गोळीवरच्या प्रयोगांचे श्रेय चहाला देता येत नाही, आणि चहाच्या शेकडो वर्षांच्या वहिवाटीचे श्रेय गोळीला देता येत नाही. पाकिटावरचे 'निसर्गतः चहात असते' हे वाक्य खरे असूनही फसवे आहे.

चहा खूप वेळ उकळला की जास्त 'कडक' होतो, हा समजही याच तासाला तपासता येतो. आपली दाणेदार पूड बारीक असते, तिच्यातले बहुतेक कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात उतरते. नंतरच्या उकळ्यांनी वाढतो तो मुख्यतः तुरटपणा. हे तुरट पदार्थ अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळावा असे पोषण संस्थेची मार्गदर्शिका सांगते. मुलींमध्ये रक्तक्षय किती सर्रास आढळतो हे शिक्षकांना सांगायला नकोच.

रात्रीचा हिशेब

अर्धायुष्य हा शब्द मुलांना किरणोत्साराच्या पाठात भेटतो. कॅफीनलाही तो लागू पडतो. निरोगी प्रौढाच्या शरीरातले निम्मे कॅफीन संपायला साधारण पाच तास लागतात. धूम्रपान करणाऱ्यांत ते लवकर संपते, गरोदरपणी खूप हळू. समजा, एका मुलाने रात्री दहाच्या सुमारास चहा आणि गोळी मिळून १२० मिलिग्रॅम कॅफीन घेतले. पहाटे तीनला त्यातले ६० शिल्लक, म्हणजे एक कप चहा नुकताच प्यायल्यासारखे. सकाळी आठला ३०. अकराच्या पेपराला तो बसतो तेव्हाही रुमाल पुरते उचललेले नसतात, आणि मधल्या वाटेत रात्रभराची गर्दी उभीच असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या तब्बल सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोप एक तासाहून जास्त घटली होती. त्यांना स्वतःला मात्र ती एवढी कमी झाल्याचे नीट कळले नव्हते. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम मेंदू झोपेत करतो. जागून वाचलेला धडा पक्का होण्याची वेळ अशी जागण्यातच जाते.

थिअ‍ॅनिन या हिशेबात मदतीला येत नाही. ते कॅफीनपेक्षा कितीतरी आधी शरीरातून गेलेले असते. रात्री दहाची गोळी पहाटे तीनला निव्वळ कॅफीनची गोळी झालेली असते.

किती चालेल, याचे आकडे शिक्षकांनी जवळ ठेवावेत. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगते. मुले आणि किशोरवयीनांसाठी युरोपीय प्राधिकरणाने २०१५ साली शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅम हा आकडा सुचवला. ५० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. आपल्याकडे कॅफीनयुक्त पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात जास्तीत जास्त ७५. एक डबा आणि दोन कप चहा झाला की त्या मुलाची मर्यादा ओलांडली. त्यावर गोळी आणखी वेगळी. अशा पेयांच्या डब्यावर ते मुलांसाठी नाही असे छापणे बंधनकारक आहे, पण अक्षरे बारीक असतात आणि डबा शाळेसमोरच्या दुकानात चिप्सच्या पाकिटांशेजारी असतो. जुलै २०२४ मध्ये शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनच्या पेयांची विक्री बंद करण्याची घोषणा अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी विधान परिषदेत केली होती. पेय अडवता येईल. घरपोच येणाऱ्या गोळीला ५०० मीटरची रेषा दिसत नाही, तिथे आईवडील आणि शिक्षक यांचेच लक्ष हवे. छातीत धडधड, हाताला कंप, मळमळ अशी तक्रार घेऊन परीक्षेच्या दिवसांत मूल आले तर 'घाबरलास का?' याबरोबर 'काय काय घेतलेस?' हेही विचारावे. हृदयाचा विकार, फिट्स किंवा कोणतेही नियमित औषध चालू असलेल्या मुलाने अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

पट्टी पकडण्याचा प्रयोग

लक्ष देणे ही मोजता येणारी गोष्ट आहे, हे मुलांना पटवायला ३० सेंटिमीटरची पट्टी पुरते. एकाने पट्टी उभी, वरच्या टोकाला धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडे ठेवावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी, दुसऱ्याने पकडावी. जितके सेंटिमीटर पट्टी पडली, त्यावरून गुरुत्व त्वरणाच्या सूत्राने वेळ काढता येतो. १५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.१७५ सेकंद, २० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.२०२ सेकंद. पट्टीवरच्या ५ सेंटिमीटरांत २७ मिलिसेकंद मावतात. वर पाहिलेल्या प्रयोगांतला खेळ कोणत्या मापाचा आहे, हे मुलांना असे हाताने कळते.

या प्रयोगासाठी मुलांना चहा किंवा अन्य काही मुळीच देऊ नये. त्याची गरजही नाही. प्रत्येकाने पट्टी वीस वेळा पकडावी आणि पहिल्या दहांची सरासरी दुसऱ्या दहांच्या सरासरीशी ताडून पाहावी. बहुतेकांची दुसरी सरासरी सुधारलेली दिसेल. मधल्या वेळेत कोणी गोळी घेतली असती तर श्रेय कोणाला मिळाले असते, हे विचारावे. काही न घेणारा किंवा नकली गोळी घेणारा गट प्रयोगात का लागतो, आणि कोणाला कोणती गोळी दिली हे देणाऱ्यालाही का माहीत नसावे, हे समजावण्याची याहून सोपी वाट मला ठाऊक नाही.

सरावाचा परिणाम स्थिरावला की दोन आठवडे रोज पहिल्या तासाआधी प्रत्येकाने पाच वेळा पट्टी पकडावी. वहीत दोनच रकाने ठेवावेत : काल रात्री किती तास झोप झाली, आणि आजची सरासरी किती. मग आलेखकागदावर एका अक्षावर झोप, दुसऱ्यावर सेंटिमीटर. आलेख ज्याचा त्याने काढावा, भिंतीवर लावू नये. झोपेचे आकडे घरातले असतात, काही मुलांच्या घरी एका खोलीत सहा माणसे असतात. आणि पहिली नोंद करण्याआधीच प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून तारीख घालावी की, सरासरीत किती सेंटिमीटर अंतर पडले तर 'फरक पडला' असे तो म्हणणार आहे.